पार्ट टाइम माणसांची रजा कशी मोजायची: कोल्हापुरातल्या दुकानदारांसाठी सविस्तर पद्धत

महाद्वार रोड, राजारामपुरी किंवा गांधीनगरातल्या चालत्या दुकानात आज सगळीच माणसं सकाळपासून रात्रीपर्यंत थांबत नाहीत. संध्याकाळच्या गर्दीपुरती चार तास येणारी कॉलेजची पोरं असतात, फक्त शुक्रवार ते रविवार येणाऱ्या बायका असतात, आणि आठवड्यात सवडीनं येऊन हिशेबाचं काम उरकणारा अकाउंटंट असतो. हजेरीचं मस्टर मात्र जुनंच राहतं: ‘हजर’, ‘खाडा’ आणि ‘हाफ डे’. चार तासांच्या माणसाचा पूर्ण दिवस म्हणजे हाफ डे धरायचा की हजर, हे कुठं लिहिलेलं नसतं. मग आठवड्याला सारखेच तास काम करणाऱ्या दोघांना वेगवेगळी रजा मिळते, आणि भांडण नेमकं नवरात्राच्या तोंडावर बाहेर येतं.

यावर उपाय एकच आहे. रजा प्रत्येकाच्या स्वतःच्या शिफ्टच्या मापानं, तासांत मोजायची. पण कायद्यानं दिवसांत जेवढं देऊ केलंय, त्याच्या खाली कुणालाही जाऊ द्यायचं नाही. म्हणून आधी कायदा बघू.

कायदा दिवस मोजतो, तास नाही

दुकानं, हॉटेलं, ऑफिसं यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, 2017 लागू होतो. मूळ कायद्यात तो 10 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा 20 वर नेण्याला आणि रोजच्या कामाचे तास 9 वरून 10 करण्याला मंजुरी दिली. त्यामुळे तुमची माणसं 10 ते 19 च्या मध्ये असतील तर आज तुम्हाला नेमकं काय लागू आहे ते कोल्हापुरातल्या कामगार आयुक्त कार्यालयात एकदा विचारून घ्या. कायद्याबाहेर पडत असाल तरी खालची पद्धत सोडू नका, कारण माणसं टिकवायची तर हिशेब सारखाच लागतो.

या कायद्यातल्या रजा अशा. वर्षाला 8 दिवस किरकोळ रजा, म्हणजे सीएल. ती तिमाहीला खात्यात जमा होते, म्हणजे दर तीन महिन्यांनी 2 दिवस, आणि वर्षअखेर उरली तर संपते. कॅलेंडर वर्षात 240 किंवा जास्त दिवस काम केलेल्याला पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागं 1 दिवस हक्काची रजा, म्हणजे ईएल. ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. शिवाय वर्षाला 8 पगारी सणाच्या सुट्ट्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवलेल्या आणखी 4.

पार्ट टाइम माणसाला हे कमी मिळेल, असं यात कुठंही म्हटलेलं नाही. ‘कामगार’ कोण, हे कामाच्या स्वरूपावरून ठरतं, तासांवरून नाही. चार तास येऊन गेलेला माणूस त्या दिवशी कामावर होता, त्यामुळे 240 मोजताना त्याचा एक पूर्ण दिवस धरायचा. दोन हाफ डे मिळून एक दिवस करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. ज्याचे 280 दिवस भरतात त्याचे 140 दाखवले जातात आणि हक्काची रजा कागदावरच मरते.

प्रसूती लाभाचंही तसंच आहे. तिथं आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असणं पुरतं. आठवड्यातून दोनच दिवस येणारी बाईसुद्धा वर्षात शंभराच्या आसपास दिवस भरते, म्हणून ‘ती पार्ट टाइम आहे’ हे 26 आठवड्यांची रजा नाकारायचं कारण होऊ शकत नाही. 240 दिवस मोजताना प्रसूती रजेचे दिवसही कामाचे धरायचे.

गोकुळ शिरगाव किंवा कागल एमआयडीसीतल्या कारखान्यांचा मार्ग वेगळा. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आणि त्यात वार्षिक रजेसाठीची अट 240 वरून 180 दिवसांवर आली. इथून पुढचे आकडे दुकानांचे आहेत, पण मोजायची रीत कारखान्यालाही चालेल.

सारखे तास, सारखी रजा

समजा दुकानातला फुल टाइम माणूस रोज 8 तास, आठवड्याला 6 दिवस, म्हणजे 48 तास काम करतो. वर्षाच्या 365 दिवसांतून 52 साप्ताहिक सुट्ट्या, 8 सण, 8 सीएल आणि 14 ईएल गेल्या की 283 दिवस उरतात. त्याला 20 नं भागलं की 14. म्हणजे त्याची वर्षाची रजा 8 अधिक 14, एकूण 22 दिवस. तासांत 176.

आता दोन पार्ट टाइम माणसं घ्या. पहिला रोज संध्याकाळी 5 ते 9, आठवड्याला 6 दिवस. दुसरी शुक्रवार, शनिवार, रविवार पूर्ण 8 तास. दोघांचेही आठवड्याला 24 तास भरतात.

पहिल्याचे दिवस फुल टाइम माणसाइतकेच भरतात, म्हणून कायद्यानं त्याला 22 दिवसच मिळतात. फक्त त्याचा एक दिवस 4 तासांचा. 22 गुणिले 4, म्हणजे 88 तास.

दुसरीचे वर्षाचे दिवस 3 गुणिले 52, म्हणजे 156. ते 240 च्या खाली, म्हणून कायद्यानं ईएल शून्य. सीएल 8 दिवस, प्रत्येकी 8 तासांचे, म्हणजे 64 तास. काम तेवढंच करून तिला 24 तास कमी मिळाले. कायदा मोडलेला नाही, पण माणसाला हे पटत नाही आणि पटू नये. म्हणून दुकानाच्या नियमात एक ओळ घाला: वर्षाची एकूण रजा आठवड्याच्या तासांच्या प्रमाणात, आणि कायद्यानं जास्त मिळत असेल तर तेवढी. 24 तासांवाल्या माणसाला 176 च्या निम्मे, 88 तास. तिला 64 तास सीएल अधिक 24 तास दुकानातर्फे, म्हणजे 8 तासांच्या 3 शिफ्ट.

ताळा करायची सोपी रीत अशी. एकूण रजेच्या तासांना त्या माणसाच्या आठवड्याच्या तासांनी भागा. 176 भागिले 48 आणि 88 भागिले 24, दोन्हीचं उत्तर 3.67 आठवडे येतं. सगळ्यांचे आठवडे सारखे आले की वाटप बरोबर झालं. कुणाचे कमी दिसले तर वाटपात कुठं तरी गडबड आहे, आणि ती बहुतेक वेळा आठवड्यातून कमी दिवस पण लांब शिफ्ट करणाऱ्यांच्या खात्यात सापडते.

वर्षाच्या मध्ये लागलेल्याला सीएल तिमाहीप्रमाणं द्या. जुलैत आला तर उरलेल्या दोन तिमाहींचे 4 दिवस, त्याच्या शिफ्टच्या तासांनी गुणून.

सणाच्या सुट्ट्या

शुक्रवार ते रविवारवाल्या बाईचं गणित सणांच्या वेळी पुन्हा अडतं. 2027 मध्ये 26 जानेवारी मंगळवारी येते, तर 1 मे आणि 2 ऑक्टोबर शनिवारी आणि 15 ऑगस्ट रविवारी. चारपैकी तीन सुट्ट्या तिच्या वारांवर पडतात, एक पडत नाही. ज्या माणसाचे वार सोमवार ते बुधवार आहेत, त्याचं नेमकं उलट.

काही जण इथं तासांचं प्रमाण लावून पार्ट टाइमवाल्याला 4 च सण देतात. तसं करू नका. कायदा प्रत्येक कामगाराला 8 पगारी सण देतो. सण त्याच्या वाराबाहेर पडला तर पुढच्या 30 दिवसांत एक शिफ्ट बदली सुट्टी द्या. यानं तीन दिवसांवाल्याला प्रमाणापेक्षा जास्त मिळतं. मिळू द्या. वर्षातल्या चारेक शिफ्टसाठी वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही.

उरलेले चार सण डिसेंबरात सगळ्यांना बसवून ठरवा, पार्ट टाइमवाल्यांनाही. कोल्हापूरचं पंचांग पुण्यामुंबईसारखं नाही, हे लक्षात ठेवा. इथं रंग खेळायचा तो रंगपंचमीला, त्यामुळे धूलिवंदनाची सुट्टी देऊन रंगपंचमीला माणसं बोलावली तर निम्मी येणार नाहीत. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीच्या मार्गावरच्या दुकानात तसंही गिऱ्हाईक पोहोचत नाही. भाऊबीज बायका मागतातच. चौथा दिवस प्रत्येकाला निवडू द्यावा: कुणी जोतिबाची चैत्र यात्रा घेईल, कुणी रमजान ईद, कुणी गावची म्हाई, म्हणजे जत्रा. चौथ्याला मोकळीक दिली की ऐनवेळचे खाडे बरेच कमी होतात. ठरलेली यादी सगळ्यांच्या सह्या घेऊन 31 डिसेंबरच्या आत भिंतीवर लावा.

ज्यांचे तास ठरलेलेच नाहीत

हिशेबनीस, ऑनलाइन ऑर्डरचं पॅकिंग करणारे, घरून बिलं भरणारे यांचा आठवडा कधी 20 तासांचा, कधी 40 चा. त्यांच्या रजेचा ‘एक दिवस’ मागच्या 13 आठवड्यांच्या सरासरीनं काढा. एकूण तास भागिले प्रत्यक्ष कामाचे दिवस. 13 आठवड्यांत 65 दिवसांत 390 तास झाले असतील तर एक दिवस 6 तासांचा. त्यानं एक दिवस रजा घेतली की खात्यातून 6 तास वजा आणि 6 तासांचा पगार चालू.

13 आठवडे का? महिन्याची सरासरी घेतली तर जीएसटी रिटर्न किंवा दिवाळीचा महिना आकडा फुगवतो. वर्षाची घेतली तर सहा महिन्यांपूर्वीचा माणूस आणि आजचा माणूस एकाच मापात येतो.

जमा करायलाही सोपं माप आहे. 20 दिवसांना 1 दिवस म्हणजेच 20 तासांना 1 तास. महिन्याला 120 तास झाले तर 6 तास ईएल जमा. सीएल मात्र 8 दिवस गुणिले त्याचा सरासरी दिवस.

अशा माणसाचे दिवसही मोजत राहा. वरच्या उदाहरणात वर्षाला 260 दिवस भरतात, म्हणून 240 ची अट तो पार करतो. सप्टेंबरअखेर सगळ्यांचे दिवस मोजून बघा. एखादा 232 ते 238 वर अडकणार असं दिसलं तर त्याला कमी पडणाऱ्या दोन ते आठ शिफ्ट जास्तीच्या द्या. मुद्दाम 239 वर थांबवणारी दुकानंही असतात, आणि तिथला जाणता माणूस दुसऱ्या वर्षी टिकत नाही.

रजिस्टर आणि पगारकपात

एक्सेल असो वा वही, प्रत्येक माणसाचं एक पान. वर त्याचे ठरलेले वार, शिफ्टचे तास आणि आठवड्याचे तास. खाली महिन्यागणिक रकाने: कामाचे दिवस, कामाचे तास, सीएल जमा, सीएल वापर, ईएल जमा, ईएल वापर, सण, बदली सुट्टी, बिनपगारी. सगळी रजा तासांत, आणि शेजारी कंसात दिवस. दिवसांचा रकाना गाळू नका, कारण तपासणीला आलेला अधिकारी दिवस विचारतो. सगळ्यात लहान माप अर्धा तास ठेवा.

पगारकपातीत चूक होते ती भागाकारात. वरच्या दोघा 24 तासांवाल्यांचा पगार महिना 7,800 धरा. पहिल्याच्या महिन्याला सरासरी 26 शिफ्ट, म्हणून एका शिफ्टचे 300. दुसरीच्या 13, म्हणून एका शिफ्टचे 600. तास दोघांचाही 75 रुपयांचा. अकाउंटंट सवयीनं सगळ्यांना 26 किंवा 30 नं भागतो. मग दुसरीच्या एका खाड्याला 600 ऐवजी 300 किंवा 260 कापले जातात, आणि तिच्या ध्यानात येतं की न येणंच स्वस्त आहे. नोकरी सोडताना हीच चूक तिच्या अंगावर उलटते. उरलेल्या 3 शिफ्टचे 1,800 मिळायला हवेत, तिथं 900 हातात पडतात. म्हणून कपात असो वा रजेचा पैसा, दोन्ही तासाच्या दरानंच काढा. महिना 28 चा असो वा 31 चा, तो दर वर्षभर बदलू नका.

चार तासांचा माणूस एखाद्या दिवशी सहा तास थांबला तर जादा दोन तास साध्या दरानं द्या किंवा त्याच्या खात्यात दोन तास बदली सुट्टी टाका. दुप्पट दराचा ओव्हरटाइम कायद्यातली रोजची किंवा आठवड्याची मर्यादा ओलांडल्यावर लागतो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलावलं असेल तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते. ती ‘बघू पुढं’ म्हणून साचली की दिवाळीनंतर एकदम पाच-सहा जणांची निघते.

मंजुरी शिफ्टप्रमाणे

बहुतेक दुकानांत नियम असतो की एका दिवशी दोघांपेक्षा जास्त रजेवर नकोत. पार्ट टाइम माणसं आली की हा नियम कुचकामी होतो. दोघं सकाळचे असतील तर संध्याकाळी काहीच बिघडत नाही, आणि दोघंही 5 ते 9 चे असतील तर काउंटर उघडा पडतो. रजेचा तक्ता शिफ्टनुसार करा आणि प्रत्येक शिफ्टला किमान माणसं ठरवा. संध्याकाळी सहा जण असतील आणि चारांशिवाय चालत नसेल, तर त्या शिफ्टला दोनच रजा. पहिला अर्ज आधी. एकाच दिवशी आले तर ज्यानं मागच्या तीन महिन्यांत कमी रजा घेतली त्याला.

अर्ज व्हॉट्सअपवर चालेल, पण त्यात चार गोष्टी हव्यात: तारीख, कोणती शिफ्ट, किती तास, कोणत्या खात्यातून. ‘मालक, गावात जत्रा हाय, उद्या येत न्हाई’ हा निरोप झाला, अर्ज नाही. ‘मालक, शुक्रवार 5 ते 9 ची सुट्टी पाहिजे, 4 तास सीएल’ हा अर्ज. उत्तरही त्याच दिवशी, ‘मंजूर’ किंवा ‘नाही, कारण अमुक’, आणि लगेच रजिस्टरात नोंद. ईएल 15 दिवस आधी मागितली आणि तुम्ही नाकारली तर ती तारीख लिहून ठेवा. अशा नाकारलेल्या रजेमुळे साठा 45 च्या वर गेला तर वरच्या दिवसांचे पैसे मागायचा हक्क त्या कामगाराला आहे.

गर्दीचे दिवस आधी जाहीर करा. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची माणसं लोटतात, त्यामुळे घटस्थापना ते दसरा आणि दिवाळीचा आठवडा किमान सहा आठवडे आधी तक्त्यावर हवा. पूर्ण बंदी घालू नका. त्या दहा दिवसांत प्रत्येकाला एक शिफ्ट मोकळी द्या आणि कोणती ते त्यांनाच वाटून घेऊ द्या. कुणाला ललिता पंचमीची त्र्यंबोली यात्रा हवी असते, कुणाला दसरा चौकातलं सोनं लुटायला घरच्यांबरोबर जायचं असतं.

शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रक लागलं की मुलांकडून लगेच मागून घ्या. करवीर, पन्हाळा, राधानगरीकडून येणारी माणसं भाताच्या रोपलावणीला आणि कापणीला रजा मागणारच, दरवर्षी मागतात. त्या काळात त्यांची शिफ्ट दोन आठवडे दुपारची किंवा फक्त शनिवार-रविवारची करून दिली तर रजा खर्ची पडत नाही आणि काउंटरही चालू राहतो.

शिफ्टची अदलाबदल ही रजा नव्हे. दोघांनीही ग्रुपवर होकार दिला, त्याच आठवड्यात फेड झाली आणि कुणाचे दिवसाचे किंवा आठवड्याचे तास कायद्याच्या वर गेले नाहीत, तर परवानगी द्या. फेड पुढच्या महिन्यावर गेली की ती होत नाही, आणि मग दोघंही तुमच्याकडे येतात.

पुराचे दिवस

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी इशाऱ्याला लागलं की आंबेवाडी, प्रयाग चिखलीकडची माणसं घरातलं सामान आणि जनावरं हलवायला लागतात. त्यांच्याकडून रजेचा अर्ज मागत बसू नये. यासाठी नियमात वेगळं कलम ठेवा: रस्ता प्रशासनानं बंद केला किंवा स्थलांतराची सूचना निघाली तर पहिल्या 2 शिफ्ट पगारी, कोणत्याही खात्यातून वजा न करता. त्यापुढच्या शिफ्टना तीन पर्याय: सीएल, ईएल किंवा 60 दिवसांत तास भरून देणं. निवड कामगाराची. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेसुद्धा पाण्याखाली गेला होता, म्हणून ‘दुसऱ्या वाटेनं ये’ हा आग्रह धरू नका. पोहोचू शकणाऱ्या माणसांवर त्या आठवड्यात जादा भार पडतो. त्यांचे जादा तास वेगळे लिहा आणि पाणी उतरल्यावर आधी त्यांना सुट्टी द्या.

शिफ्ट बदलली किंवा माणूस सोडून गेला

चार तासांचा मुलगा कॉलेज संपवून फुल टाइम झाला. त्याच्या खात्यात 10 दिवस ईएल आहे, तासांत 40. नव्या शिफ्टनं ते 5 च दिवस होतात आणि तो म्हणणार, माझे पाच दिवस गेले कुठं? कायद्यानं जमलेली ईएल दिवसांतच ठेवा: 10 चे 10. दुकानानं वरून दिलेली रजा मात्र तासांनी बदला. म्हणूनच रजिस्टरात दोन्ही रकाने लागतात. उलट दिशेनं, फुल टाइमची पार्ट टाइम झालेल्या बाईचे 10 दिवस 4 तासांच्या मापानं लावले तर तिची निम्मी कमाई जाते. तिला ते 80 तास म्हणून द्या, म्हणजे 20 शिफ्ट. दोन्ही वेळा कामगाराच्या बाजूचा हिशेब धरा आणि शिफ्ट बदलायच्या दिवशीच शिल्लक लिहून त्याची सही घ्या.

सोडून जाणाऱ्याला उरलेल्या ईएलचे पैसे द्यावे लागतात, मग तो स्वतः गेला असो वा तुम्ही काढला असो. सीएलचे पैसे कायद्यात नाहीत. शेवटच्या पगाराच्या चिठ्ठीवर शिल्लक तास, तासाचा दर आणि रक्कम अशा तीन वेगळ्या ओळी लिहा, आणि रजिस्टरातल्या त्याच्या पानाचा फोटो त्याच दिवशी त्याच्या व्हॉट्सअपवर पाठवा.